साडेतीन शहाण्यांतले अर्धे

पेशवाईत साडेतीन शहाणे होऊन गेले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पुरे शहाणे, आणि नाना फडणीस अर्धे. अर्धे का? तर ते तिघे मसलतीबरोबर तलवारही जाणत, नाना नुसती मसलत जाणत. लोकांनी लावलेली अशी मापे मोठी बोलकी असतात. राज्यकर्त्याला सल्ला देणाऱ्या माणसाचे बळ किती आणि ते कुठे थांबते, हे त्या ‘अर्ध्या’ शब्दात आले आहे. ते पडताळून पाहायला आपला मावळच बरा. खंडाळा ते तळेगाव या तीसेक किलोमीटरांत नानांच्या मसलतीचे यश दिसते, आणि लोहगडावर तिचा शेवट.

नानांचे पाळण्यातले नाव बाळाजी, आडनाव भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, साताऱ्याचा. फडणिशी घराण्यातच होती. फडणीस म्हणजे सरकारच्या दप्तराचा आणि जमाखर्चाचा प्रमुख. वडील १७५६ साली वारले आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती दप्तर आले. १७६१ साली पानिपतावर ते सैन्याबरोबर होते. जीव घेऊन परतले, आई मात्र त्या पळापळीत गेली. सैन्य मोठे असले तरी धान्य आणि वैरण तुटली की काय होते, हे या तरुणाने एकोणिसाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले. हा धडा पुढे मावळात कामी आला, असे म्हणायला हरकत नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते राघोबादादा गादीवर बसू पाहत होते. त्यांना दूर ठेवण्यासाठी कारभाऱ्यांनी एकजूट केली, तिलाच बारभाईचे कारस्थान म्हणतात. सखारामबापू त्यात वडील, नाना धाकटे. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. धनी पाळण्यात आणि राज्य कारभाऱ्यांच्या खांद्यावर, असा प्रसंग होता. राघोबादादा मुंबईकर इंग्रजांकडे गेले. १७७५ साली सुरतेस तह झाला, आणि अखेर नोव्हेंबर १७७८ मध्ये त्यांना पुण्याच्या गादीवर बसवायला इंग्रजी फौज निघाली.

फौज सुमारे ३,९०० माणसांची, पण बरोबरचे बैल हजारोंनी. पनवेलहून बोरघाट चढून डिसेंबरअखेर ती वर आली. आज लोणावळ्याहून लोकलने निघालो तर मळवली, कामशेत, वडगाव करीत तासाभरात तळेगाव येते. त्या फौजेला तिथे पोचायला ९ जानेवारी १७७९ उजाडले. का बरे इतका उशीर? एक कारण तिच्या सेनापतींचे आपसांत पटत नव्हते. दुसरे असे, की समोर मराठे उभे ठाकून लढतच नव्हते. बाजूने येत, रसद मारीत आणि निघून जात. कार्ल्याजवळ ४ जानेवारीला कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. हा शूर माणूस म्हणून शत्रूनेही वाखाणलेला, मराठ्यांचा ‘इष्टुर फाकडा’.

तळेगावला पोचल्यावर इंग्रजांना काय दिसले? ओसाड, जळलेले गाव. दाणा नाही, चारा नाही. चिंचवड आणि खुद्द पुणे जाळायचीही मराठ्यांची तयारी होती. इथे जरा थांबू या. दरबारात ‘चारा ठेवू नका’ असे ठरवणे एक, आणि ऐन पौषात आपल्या खळ्यावरची गंजी पेटताना पाहणे दुसरे. वडगावच्या विजयात महादजींची तलवार होती, नानांची मसलत होती, तसाच मावळच्या कुणब्याचा दाणागोटाही होता. पहिले दोन इतिहासात लिहिले गेले. तिसरा आपण लिहिला पाहिजे.

११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकल्या आणि माघार धरली. मराठ्यांनी त्यांना वडगावला घेरले. बोलणी करायला फार्मर नावाचा अधिकारी आला, तेव्हा नानांची पहिली मागणी एकच होती : राघोबादादा आमच्या हवाली करा. पुढे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने करार झाला. १७७३ नंतर घेतलेला साष्टीसह सर्व मुलूख परत करायचा, बंगालहून येणारी फौज थांबवायची, असे ठरले. राघोबा महादजींच्या स्वाधीन झाले.

आता या यशाचे दोन भाग करून पाहा. बातमी राखणे, पैसा उभा करणे, शिंदे, होळकर आणि हरिपंत फडके यांना एका कामाला लावणे हे नानांचे काम. घोड्यावर बसून फौज खेळवणे महादजींचे. अर्ध्याला अर्धे मिळाले आणि पुरे झाले. दोघांत प्रेम होते असे मात्र समजू नये. वेगवेगळ्या चालींची दोन जनावरे एका जुवाला असावीत तसे ते होते. पण जू एक होते.

इंग्रजांनी तो करार पुढे नाकारला. राघोबा वाटेतून निसटले. १७८१ साली जनरल गॉडर्ड पुन्हा घाट चढून खंडाळ्यापर्यंत आला. हरिपंत, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी त्याची रसद तोडली आणि त्याला पनवेलला परतावे लागले. इकडे नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध जोडायचा डाव मांडला होता. १७८२ साली सालबाईचा तह झाला आणि पुढे वीस वर्षे इंग्रजांशी लढाई झाली नाही. लेखणीच्या माणसाने केलेले हे काम लहान नव्हे.

मग उणे कुठे पडले? सल्लागाराची खरी परीक्षा अशी, की त्याच्यावाचून चालेल असा धनी त्याने तयार करावा. नानांनी राज्य राखले, धन्यालाही राखले, पण फारच राखले. सवाई माधवराव वाढले ते नानांच्या कडक नजरेखाली. एकेक बरोबरीचा माणूसही कमी होत गेला. सखारामबापू तर वडगावनंतर त्याच वर्षी कैदेत पडले. १७९४ साली महादजी गेले, हरिपंतही गेले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामावर विजय झाला, आणि त्याच ऑक्टोबरात एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून वारले. ती उडी की तोल गेला, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र नानांच्या हाताखाली घडलेला धनी गेला आणि गादीवर राघोबांचाच मुलगा, दुसरा बाजीराव, आला. वर्षअखेर १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद केले. ते पुढे सुटले, पण १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. १८०२च्या अखेरीस बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजी फौज आपल्या खर्चाने पदरी घेतली. जे टाळायला वडगाव लढले, ते चोवीस वर्षांत सहीनिशी घरात आले.

लोहगड याचा साक्षी आहे. नानांनी तिथे आपली दौलत ठेवली होती. १७८९ साली त्यांनी धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्याकडून गडावर पायऱ्यांची मोठी विहीर बांधवली. तिचा शिलालेख गडावर आहे. नानांच्या मागे त्यांच्या पत्नी जिऊबाई या गडाच्या आश्रयाला आल्या. नित्सुऱ्यांनी गड बाजीरावाला दिला नाही. शेवटी मध्ये पडून हमी दिली ती कोणी? वेलस्ली या इंग्रज सेनापतीने. जिऊबाई पनवेलला गेल्या. ज्यांना नानांनी जन्मभर दाराबाहेर ठेवले, त्यांच्याच शब्दावर त्यांच्या घरच्यांना विसंबावे लागले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, २०२५ साली लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. मळवलीला उतरून मुलांना घेऊन जा. त्या विहिरीजवळ बसवून त्यांना विचारा : वडगावला नानांनी काय केले, महादजींनी काय केले, आणि तळेगावच्या शेतकऱ्याने काय गमावले? मग आणखी एक विचारा. आपल्या गावच्या सोसायटीत, पंचायतीत, सगळे एकट्याच्या सल्ल्याने चालत असेल, तर त्या माणसाच्या मागे काम कोण पाहील? मुले उत्तर देतील. मोठ्यांनीही ते ऐकून ठेवावे.