मोखाच्या बाजारातून पुणे परगण्यात

शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी जमाबंदीची जी घडी बसविली, तिचा पाया मलिक अंबरच्या धाऱ्यात होता, हे महसुलाचा इतिहास लिहिणारे आवर्जून सांगतात. परंतु ज्या पुरुषाने हा धारा लावला तो बालपणी काळ्या वर्णाचा गुलाम म्हणून पेठेपेठेतून विकला गेला होता, ही गोष्ट ते एका वाक्यात आटोपतात, आणि मला मात्र त्या वाक्यापाशी थांबणे अगत्याचे वाटते.

हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८ च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाचे नाव चापू. तांबड्या समुद्रावरील मोखा आणि तेथून बगदाद अशी त्याची विक्री होत गेली. बगदादच्या मीर कासीमने त्याला लिहावयास व हिशेब ठेवावयास शिकविले, अंबर हे नाव दिले, आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतः हबशीच होता, त्याने त्याला विकत घेतले.

ज्या अरब जगातून तो आला, तेथे वर्णाचा बाजारभाव फार पूर्वीच ठरून गेला होता. इस्लामची पहिली बांग देणारा बिलाल हबशी होता, आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही हे वचन प्रेषितांच्या अखेरच्या प्रवचनातले म्हणून परंपरेने सांगितले जाते. असे असता बसऱ्याजवळच्या खाऱ्या जमिनीवर राबविलेल्या झंज, म्हणजे पूर्व आफ्रिकेतील, गुलामांनी ८६९ मध्ये बंड पुकारले, ते मोडण्यास खलिफांच्या फौजांना चौदा वर्षे लागली, त्याच बसऱ्यातील जाहिझ या पंडितास त्याच शतकात काळ्यांची थोरवी सांगणारा ग्रंथ लिहिण्याची आवश्यकता वाटली, आणि अकराव्या शतकात बगदादच्या इब्न बुतलान या वैद्याने गुलामांच्या खरेदीवर पुस्तक लिहून कोणत्या वंशाची दासी कोणत्या कामास योग्य याची जंत्रीच दिली.

दख्खनमध्ये गुणांस वाव मिळाला, हे खरे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहास गादीवर बसविले, त्याचा वजीर होऊन त्याला आपली कन्या दिली, १६१० मध्ये खडकी (पुढचे औरंगाबाद) वसविली, आणि १६२४ मध्ये भातवडीच्या रणात मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. इजाऱ्याची चाल मोडून, जमिनीची प्रत व अनेक सालांचे पीक पाहून त्याने सारा ठरविला, आणि रयतेस आपले देणे आगाऊ कळू लागले. मावळातील कुणब्यास याहून मोठा दिलासा त्या काळी कोणता मिळाला असेल? तथापि १६१७ मध्ये अंबरला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके लिहितो, की सुलतानाच्या गोऱ्या इराणी बेगमेने अंबरच्या कन्येस काळी गुलाम म्हणून हिणविले, आणि त्या अपमानापायी सुलतान व ती बेगम या दोघांनाही विषप्रयोगाने प्राणांस मुकावे लागले. वजिराची कन्या, सुलतानाची राणी, अशा स्त्रीलाही जनानखान्यात बापाच्या कातडीचा हिशेब चुकता करावा लागला!

जहांगीरच्या आत्मवृत्तात अंबरचे नाव वारंवार येते ते काळ्या वर्णावरून दिलेल्या दूषणासह. अबुल हसनने रंगविलेल्या चित्रात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून, भाल्यावर खोवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे, आणि त्या मस्तकावर घुबड बसले आहे. वस्तुतः अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही आणि १६२६ मध्ये वार्धक्याने मरण पावला. मोगल बखरकार मुतमदखान याने मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मनापासून वाखाणणी केली, पण एखादा हबशी गुलाम या पदास चढल्याचे दुसरे उदाहरण नाही, असे सांगून त्याने एकट्या अंबरला वेगळे काढले व त्याच्या जातभाईंना होते तेथेच ठेविले.

पुणेकराने हे वाचताना आपले दफ्तरही उघडावे. पेशवाईतील कागदांत कुणबिणी व बटकी म्हणविल्या जाणाऱ्या दासींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, आणि त्या सरकारी वाड्यांतील लेखणीने लिहिलेल्या आहेत. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामगिरीची मान्यता काढून घेतली. सौदी अरबस्तानात ती १९६२ मध्ये व ओमानात १९७० मध्ये संपुष्टात आली. परंतु स्थळ सांगून आले की मुलगी उजळ आहे काय हे प्रथम विचारणाऱ्या आपल्या घरांस, आणि काळ्या माणसास आजही गुलामवाचक शब्दाने हाक मारणाऱ्या अरब शहरांतील लोकांस, या कायद्यांचा स्पर्श झालेला नाही.