हेडफोनवरील आकड्याची कुळकथा

बाजारातून हेडफोन विकत आणणारा मनुष्य त्याचा रंग पाहतो, वजन पाहतो आणि किंमत तर पाहतोच पाहतो. परंतु वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेल्या एका आकड्याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. कोठे १६ ओहम, कोठे ३२, कोठे ३००, तर कोठे ६०० असा तो आकडा असतो. सगळे हेडफोन अखेर कानालाच लावायचे, सगळ्यांतून गाणेच ऐकायचे. मग त्यांच्या आकड्यांत एवढी तफावत का असावी? या प्रश्नाचे उत्तर जितके पदार्थविज्ञानात आहे तितकेच इतिहासातही आहे. त्यांतील प्रत्येक आकडा ही एका काळाची खूण आहे. त्या काळी हेडफोनच्या पाठीशी कोणती विद्युत्शक्ती उभी होती, ती दुबळी होती की दांडगी, याची ती नोंद आहे. आजचा श्रोता खिशातल्या फोनला बोटभर लांबीचा परिवर्तक जोडतो, त्यात आवडीचा हेडफोन अडकवतो आणि आवाज कधी मरगळलेला येतो, तर कधी त्यामागे अखंड सळसळ ऐकू येते. अशा वेळी यंत्रांत बिघाड असतोच असे नाही. पुष्कळदा दोन निराळ्या काळांची गाठ विजोड पडलेली असते.

प्रथम या आकड्याचा अर्थ पाहू. तारेतून वाहणाऱ्या विजेला जो अडथळा होतो त्याचे माप जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याच्या नावाने ओळखले जाते. गाण्याची वीज मात्र एकाच दिशेने वाहत नाही. ती क्षणोक्षणी उलटसुलट धावते, आणि तिला होणारा एकंदर अडथळा खालच्या स्वराला एक, तर वरच्या स्वराला दुसरा असा असू शकतो. या एकंदर अडथळ्याला ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज संशोधकाने १८८६ साली ‘इंपीडन्स’ हे नाव दिले. आपण त्याला संरोध म्हणू. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, संरोध केवळ हेडफोनला असतो असे नाही. त्याला वीज पुरवणाऱ्या यंत्रालाही स्वतःचा संरोध असतो. जुळणीचा सारा प्रश्न या दोन संरोधांच्या प्रमाणाचा आहे.

या कथेचा आरंभ दारिद्र्यातून होतो. १९१० साली अमेरिकेतील युटा प्रांतात नेथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकन नौदलाकडे परीक्षेसाठी पाठवले. बिनतारी संदेश ऐकणाऱ्या खलाशाला ते पसंत पडण्याचे कारण उघड होते. दूरच्या जहाजाकडून येणारा संदेश आकाशतारेत पोहोचेपर्यंत इतका क्षीण होई की, त्यातील शक्तीचा कण न् कण ध्वनीसाठी वापरणे भाग होते. पुढे घरोघरी स्फटिकाचे रेडिओ आले तेव्हाही हीच स्थिती होती. गॅलेना नावाच्या खनिजाचा उपयोग करून विद्युत्लहरी ओळखण्याच्या युक्तीवर जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते. त्याच जातीच्या स्फटिकावर हे रेडिओ चालत. त्यांत ना बॅटरी होती, ना वर्धक. आकाशतारेने जे गोळा केले असेल तेवढेच भांडवल. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संरोध सारखा असला म्हणजे जास्तीत जास्त शक्ती पोहोचते, हा नियम एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाला होता. आणि स्फटिकाच्या मंडलाचा संरोध मोठा असल्यामुळे हेडफोनचाही मोठा ठेवावा लागे. केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे गुंडाळून २०००, ४००० ओहमांचे हेडफोन बनवले गेले ते याच काटकसरीपायी. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा स्फटिकाचा संच बाळगणाऱ्या जवळपासच्या श्रोत्याला कार्यक्रम ऐकायचा तर असा हेडफोन हेच साधन होते.

दुसरा आकडा, ६००, हा टेलिफोनच्या खांबांवरून खाली उतरला आहे. खांबांवरून समांतर नेलेल्या तांब्याच्या दोन तारांचा संरोध सुमारे ६०० ओहम भरतो. टेलिफोनच्या अभियंत्यांनी तो प्रमाण मानला, आणि त्यांची विद्या उचलणाऱ्या ध्वनिक्षेपण केंद्रांनीही तोच स्वीकारला. त्यामुळे स्टुडिओत वापरायचे हेडफोन ६०० ओहमांचे करण्याचा प्रघात पडला. एकाच वाहिनीवर अनेक हेडफोन लावले तरी तिच्यावर भार पडत नसे, ही त्यातली सोय. मधल्या काळात हेडफोनची अंतर्रचनाही बदलली होती. १९३७ साली बर्लिनमध्ये बायर कंपनीने डीटी ४८ हा हेडफोन काढला. त्यात लोखंडी पडद्याऐवजी चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे होते. १९५८ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे जॉन कॉस यांनी एसपी/३ हा स्टिरिओ हेडफोन लोकांपुढे ठेवला आणि हेडफोन खलाशाच्या व टेलिफोनवाल्याच्या हातून गानरसिकाच्या हाती आला. १९६८ साली जर्मनीच्या सेन्हायझर कंपनीचा एचडी ४१४ आला, तो हलका आणि उघड्या पाठीचा होता. त्याचा संरोध २००० ओहम होता.

पण आता पाठीशी दारिद्र्य राहिले नव्हते. दिवाणखान्यातला वर्धक मोठ्या कर्ण्यासाठी कित्येक वॅट शक्ती पुरवणारा; तीच शक्ती हेडफोनला सरळ दिली तर त्याचे वेटोळे जळून जायचे. म्हणून कारखानदारांनी वाटेत एक रोधक बसवला. पुढे आंतरराष्ट्रीय विद्युत्तांत्रिक आयोगाच्या १९९६ सालच्या मानकातही हेडफोनसाठी यंत्राचा संरोध १२० ओहम धरला गेला. २००० ओहमांच्या हेडफोनला हे १२० ओहम जाणवत नाहीत. ३२ ओहमांच्या हेडफोनला मात्र ते जाचक होतात, आणि ते कसे, हे थोडक्या हिशेबाने कळेल. समजा, एका हेडफोनचा संरोध एरवी ३२ ओहम आहे आणि खर्जाच्या एका ठिकाणी तो १०० पर्यंत चढतो. १२० ओहमांच्या यंत्रातून त्याला एरवी विद्युत्दाबाचे शंभरातले २१ भाग मिळतील, आणि खर्जाच्या त्या ठिकाणी ४५. म्हणजे खर्ज दुपटीहून अधिक फुगेल. तोच हेडफोन २ ओहमांच्या यंत्राला लावला तर हे भाग ९४ आणि ९८ होतील; फरक कानाला जवळपास कळणार नाही. यंत्राचा संरोध हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून अधिक नसावा, असा जो ठोकताळा आज जाणकार सांगतात, त्याचे मर्म एवढेच आहे. स्फटिकाच्या काळात दोन्ही संरोध समान असणे हा गुण होता. वर्धकाच्या काळात तोच दोष ठरला.

त्यानंतर १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीस आला, आणि दारिद्र्य पुन्हा परतले. मात्र या वेळी ते विद्युत्दाबाचे होते. दोन लहान सेलांचे ३ व्होल्ट, आणि साध्या मंडलात त्यातून गाण्याच्या वाट्याला येणार सुमारे १ व्होल्ट. एवढ्या दाबाने २००० ओहमांच्या हेडफोनला अर्धा मिलिवॅट शक्ती मिळते. ३२ ओहमांच्या हेडफोनला तीच ३१ मिलिवॅट मिळते, म्हणजे साठपटीहून अधिक. खिशातल्या यंत्रांसाठी १६ आणि ३२ ओहमांचे हेडफोन रूढ झाले ते या हिशेबामुळे. दाब वाढवता येत नाही, तर अडथळा कमी करावा, हा व्यवहार होता.

ध्वनीचे अंकांत रूपांतर करण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली पॅरिसमध्ये मांडली होती. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि ती घरोघर पोहोचली. डिस्कवर गाणे साठवलेले असते ते दर सेकंदास ४४,१०० मोजमापांच्या रूपाने. या अंकांतून पुन्हा विजेची लहर घडवणारा जो परिवर्तक, त्यालाच आज डॅक म्हणतात. प्रारंभी तो वाजवणाऱ्या यंत्राच्या पोटातच असे. २०१२ साली ऑडिओक्वेस्ट कंपनीने ड्रॅगनफ्लाय नावाचा बोटाएवढा डॅक संगणकाला जोडण्यासाठी काढला; आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे भोकच काढून टाकले, तेव्हा परिवर्तक आणि वर्धक हे दोघेही वितीएवढ्या तारेच्या टोकाशी, नखाएवढ्या जागेत येऊन बसले. अशा साध्या जोडतारेतून निघणारा दाबही साधारण १ व्होल्टच्या आसपास असतो. सदतीस वर्षांत यंत्र आमूलाग्र बदलले; पण खिशातल्या शक्तीची मर्यादा जवळपास तेथेच राहिली. म्हणूनच ३०० किंवा ६०० ओहमांचा, बैठकीच्या खोलीसाठी घडवलेला हेडफोन अशा तारेला लावला की तो दबल्यासारखा वाजतो.

तथापि केवळ ओहम पाहून भागत नाही. १९७६ साली यामाहाने काढलेल्या एचपी-१ या हेडफोनमध्ये सबंध पडद्यावर विद्युत्मार्ग पसरलेला होता. या घराण्यातील काही हेडफोनांचा संरोध ५० ओहमच असतो, तरी ते शक्ती भरपूर मागतात. कारण एका मिलिवॅटला किती आवाज द्यायचा, ही त्यांची संवेदनक्षमता कमी असते. उलट टोकाला १९९१ साली एटिमोटिक कंपनीने काढलेला ईआर-४ पाहा. कानाच्या आत बसणाऱ्या या हेडफोनमध्ये समतोल आर्मेचर आहे. बाल्डविनने स्वयंपाकघरात वापरले तेच तत्त्व श्रवणयंत्रांच्या मार्गाने फिरून येथे आले. या जातीचे कित्येक हेडफोन इतके तल्लख असतात की, दांडग्या वर्धकातला पार्श्वभूमीचा अतिसूक्ष्म गोंगाटही ते इमानाने ऐकवतात. सळसळ ऐकू येते ती यामुळे. त्यांना बळ नको, शांतता हवी.

वाद्यांच्या व्यवहारात हे शहाणपण आपल्याकडे फार जुने आहे. काळी एकच्या तबल्याला पांढरी पाचपर्यंत चढवू गेले तर पुडी फाटण्याची वेळ येते. म्हणून तबलजी गवयाची पट्टी आधी विचारतो आणि त्या मापाच्या तोंडाचा तबला काढतो. महाग तबला कोणता, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारत नाही. यंत्रांच्या बाजारात मात्र अधिक किंमत आणि अधिक शक्ती म्हणजे अधिक चांगले, असा समज सहज पसरतो. २०११ साली एका निनावी अभियंत्याने या समजाला आव्हान दिले. ओ-२ नावाच्या, दोन बॅटऱ्यांवर चालणाऱ्या स्वस्त वर्धकाचा सबंध आराखडा त्याने मोजमापांसह जगाला फुकट दिला. त्याचा संरोध एका ओहमहूनही कमी होता. दुसऱ्या वर्षी तो गृहस्थ अचानक मौनात गेला, पण आराखडा राहिला आणि कित्येकांनी तो स्वतःच्या हातांनी बांधला.

श्रोतेहो, या जुळणीत आणखी एक भागीदार आहे, आणि त्याच्यावर आकडा छापलेला नसतो. तो म्हणजे आपला कान. एका मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा ३२ ओहमांचा तल्लख हेडफोन १ व्होल्टवर पूर्ण चढवला, तर आवाज १२५ डेसिबलच्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती चार तासांची उरते आणि १०० डेसिबलला जेमतेम वीस मिनिटांची. जो हेडफोन साध्या जोडतारेवरच एवढा आवाज देऊ शकतो, त्याला मोठा वर्धक जोडणे म्हणजे पैसे मोजून धोका विकत घेणे होय. उलट, दबून वाजणाऱ्या हेडफोनला योग्य वर्धक दिला तर बारकावे मध्यम आवाजातही उमटतात, आणि आवाज चढवत नेण्याचा मोह कमी होतो.

एवंच, हेडफोन घेताना प्रथम त्याचा संरोध वाचावा, मग त्याची संवेदनक्षमता, आणि त्यानंतर आपल्या डॅकचा विद्युत्दाब व संरोध. हे चार आकडे शेजारी ठेवले की जोडी जमेल की नाही ते दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच कळते. बिघडलेले यंत्र बदलता येते आणि फुगलेला खर्ज दुसऱ्या जोडणीने सुधारतो. पण मोठ्या आवाजाने अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या म्हणजे त्या माणसाला पुन्हा उगवत नाहीत.