टाकून दिलेला संगणक वस्तीत कसा आणावा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बाद ठरतात. म्हणून चालू स्थितीतले संगणकही कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. आमच्या अकलूजभोवती शंकरनगर आणि माळीनगरचे साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, शाळा-महाविद्यालये आहेत, खासगी दवाखाने आहेत. अशा ठिकाणी जुना संगणक आधी कोपऱ्यात जातो, मग माळ्यावर आणि शेवटी भंगारात. तो माळ्यावर असतानाच मागायचा.

हे कशासाठी, तर २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत संगणक आढळला. नंतर मोबाइल घरोघर पोहोचला, पण मोबाइलवर टायपिंगचा सराव होत नाही. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. आपली मुलं टायपिंग संस्थेत रोज एक तास भरतात. उरलेले तेवीस तास बोटांना की-बोर्ड दिसत नाही. मुलगी असेल तर अंधाराआधी घरी परतायचे असते, म्हणजे तोही तास वेळेच्या सोयीने मिळत नाही. घरातला संगणक इथे उपयोगी पडतो.

या संगणकांवर आम्ही मुक्त सॉफ्टवेअर टाकतो. हा शब्द नीट समजून घ्या, कारण ‘फुकट’ म्हटले की लोक नाक मुरडतात. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केले. या दोन्हींच्या जोडीने जी कार्यप्रणाली उभी राहिली ती कोणीही वापरावी, आतून तपासावी, बदलावी आणि प्रती काढून वाटावी, अशी परवानगी तिच्या परवान्यातच आहे. एका संगणकावरची प्रत पन्नास घरांत दिली तरी आपण कोणाचे काही चोरत नाही. गावातल्या दुकानात सर्रास चोरीचे विंडोज टाकून मिळते. आपण संस्था म्हणून ते वाटू नये. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय त्यातून येणाऱ्या व्हायरसचा त्रास त्या कुटुंबालाच होतो.

आपल्याला जवळचे उदाहरण बंगळूरचे आहे. तिथल्या सुदर्शन लेआउट या वस्तीत मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांनी आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर चालवले. वस्तीतली मुलं तिथे जिंप या मुक्त प्रणालीवर चित्रे काढायला शिकली. महाराष्ट्रात २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे छोटे लॅपटॉप आले, त्यांवरही लिनक्सच होते. ते नवे आणि मुलांसाठीच बनवलेले होते, आपल्याकडे येतात ते कार्यालयांनी वापरून टाकलेले. त्यामुळे आपले बरेच काम दुरुस्तीचे.

संगणक घेताना आधी विचारायचे ते प्रोसेसर ६४ बिटचा आहे का. २०२० पासून लिनक्स मिंटच्या मुख्य आवृत्त्या ३२ बिटसाठी निघत नाहीत आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ नेही ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. ३२ बिटचा संगणक प्रेमाने दिला तरी नम्रपणे नाही म्हणा, नाहीतर दात्याचे भंगार आपण उचलून आणल्यासारखे होते. आलेल्या संगणकाची रॅम ४ जीबी करावी आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. नवा पैसा घालायचाच असेल तर तो एसएसडीत घाला. दहा वर्षांपूर्वीचा आय-थ्री तेवढ्याने मिनिटभरात सुरू होऊ लागतो. काढलेली डिस्क दात्याच्या हातात परत द्या. पतसंस्थेला खातेदारांच्या माहितीची काळजी असते, दवाखान्याला रुग्णांची. डिस्क परत मिळते हे कळले की पुढच्या वेळी देताना ते का-कू करत नाहीत. तीच डिस्क वापरायची असेल तर एनवाइप चालवून पूर्ण पुसावी आणि तसे लिहून द्यावे. नुसते फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही.

एक छोटी गोष्ट आम्हाला फार छळून गेली. संगणक चालतो, नेट जोडलेले आहे, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी सुरक्षेचा इशारा. कारण मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला आणि तारीख कितीतरी वर्षे मागे गेलेली. आता आम्ही तो सेल न बघताच बदलतो. फुगलेले कपॅसिटर, धुळीने भरलेला पंखा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट हेही पाहून घ्यावे. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करून बघायच्या भानगडीत पडू नका.

४ जीबी रॅमवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते. एक संगणक मनासारखा तयार करून क्लोनझिलाने त्याची प्रतिमा काढली की बाकीचे भराभर होतात. लिबर ऑफिस मराठीतून वापरता येते. मराठी टायपिंगसाठी आयबस बसवले की इनस्क्रिप्ट मिळते आणि टायपिंग संस्थांत बहुधा शिकवतात ती रेमिंग्टन मांडणीही मिळते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबर ऑफिसचे धडे मराठीत आहेत. ते उतरवून आधीच संगणकात ठेवा, म्हणजे मुलांचा डेटा वाचतो. नेटसाठी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केले की बहुधा वेगळे काही टाकावे लागत नाही.

अडचणी लपवू नयेत. झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर फार डोके खातो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय नीट दिसत नाही. आणि महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा तिच्या ठरलेल्या प्रणालीवर होते, तेव्हा घरच्या संगणकावर बोटे तयार करायची आणि शेवटचे काही आठवडे संस्थेत त्या प्रणालीवर सराव करायचा, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगतो.

आमची मोठी चूक यंत्रात नव्हती. सुरुवातीला आम्ही संगणक घरी नेऊन दिले, फोटो काढले आणि निघालो. महिन्याने गेलो तर एका घरी त्यावर भरतकामाचा रुमाल आणि वर फुलदाणी. बिघडेल म्हणून कोणी हात लावला नव्हता. दुसऱ्या घरी तो पूर्णपणे थोरल्या भावाच्या ताब्यात होता. जिच्या नावावर दिला ती बहीण चहा करत होती. समाजशास्त्रात शिकलेले सगळे तिथे आठवले, पण उपाय साधाच निघाला. आता संगणक ज्या मुलीला किंवा मुलाला मिळणार, त्याने आधी विहारातल्या अभ्यासिकेत बसून तो स्वतःच्या हाताने उघडायचा, रॅम बसवायची, प्रणाली टाकायची. आईलाही एक दिवस बोलावतो. अमेरिकेत पोर्टलंडच्या फ्री गीक या २००० साली सुरू झालेल्या संस्थेत स्वयंसेवक ठरावीक तास काम करून संगणक मिळवत, ती पद्धत वाचनात आली होती. स्वतः जोडलेल्या संगणकावर रुमाल पडत नाही. मुलींना स्क्रू ड्रायव्हर धरायला देताना काही बापांच्या कपाळावर आठ्या येतात, त्या आम्ही बघून न बघितल्यासारख्या करतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घराला डेस्कटॉप देऊ नये. तो कोपीत नेता येत नाही आणि मागे ठेवला तर सहा महिने बंद राहतो. अशा घरासाठी लॅपटॉप राखून ठेवा. इतरांनाही वीज जाण्याचा विचार करून जुना यूपीएस मागून घ्या, त्याची बॅटरी मात्र नवी लागते.

दुरुस्त न होणारे सुटे भाग उरतातच. जुन्या डबा-मॉनिटरच्या काचेत शिसे असते, आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या की त्याचा धूर वस्तीतच राहतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. दुरुस्ती करून विकण्याचा व्यवसाय करणाऱ्यालाही तोच नियम आहे, हे यातून दुकान काढू पाहणाऱ्या तरुणांनी आधीच पाहून ठेवावे. आम्ही मेलेले बोर्ड आणि बॅटऱ्या वेगवेगळ्या डब्यांत साठवतो आणि गाडीभर झाले की नोंदणी असलेल्या संस्थेला देऊन पावती घेतो. पावतीची एक प्रत ज्या कार्यालयाने संगणक दिला त्यांच्याकडे जाते.