बशीएवढी कॉइल आणि पणजीचा गडू

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायचं तर दापोडीचं आमचं जुनं घर पाडलं, आणि त्या गडबडीत लिहायला सवड नव्हती. पण त्या पाडापाडीतच एक गोष्ट अशी घडली की ती नातेवाइकांना एकदा सगळ्यांसमोर सांगायलाच हवी. (आत्याची परवानगी घेतली आहे. उगाच फोन करू नका.)

तर गोष्ट अशी. हे घर आजोबांनी १९५२ साली बांधलं. दगडी जोतं, वर विटा, त्यावर पत्रे. पाया भरताना पणजीने तांब्याच्या गडूत सुपारी, हळकुंड आणि नाणी घालून तो जमिनीत पुरला, असं आजी सांगायची. गडूत काय होतं यावर मात्र घरात दोन पक्ष होते. आजी म्हणायची, "देवाच्या शिवराया होत्या, दुसरं काय असणार आमच्याकडे?" आत्या म्हणायची, "सोन्याच्या पुतळ्या होत्या. मी सहा वर्षांची होते, डोळ्यांनी बघितल्यात. पिवळ्याधमक."

१९८८ साली धाकट्या काकांनी नळाच्या पाइपासाठी घराचा ईशान्येचा कोपरा खणला. त्यानंतर वर्षभरात त्यांनी स्कूटर घेतली. बस्स. आत्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. तिने तोंडावर आरोप कधी केला नाही, पण भाऊबीजेला येणं बंद केलं. काका सहा वर्षांपूर्वी गेले. तोवर हे तसंच राहिलं होतं.

घर पाडायचं ठरलं तेव्हा मी ठरवलं की गडू शोधायचा. पत्रे उतरवले, भिंती पाडल्या, राडारोडा उचलला आणि जेसीबी जोत्याला लागायच्या आधी दोन दिवस मागून घेतले. ओळखीचे एक प्लंबिंगचे ठेकेदार आहेत. डांबराखाली गाडले गेलेले व्हॉल्व्ह शोधायला ते मेटल डिटेक्टर वापरतात. त्यांनी तो दिला, सोबत दोन कॉइल. एक जेवणाच्या ताटाएवढी, अकरा इंची. दुसरी चहाच्या बशीएवढी, पाच इंची. मी अर्थातच मोठी लावली. मोठी म्हणजे जास्त खोल जाणारी, जास्त चांगली, असा सरळ हिशोब.

मशीन चालू केलं आणि सबंध घर एकसाथ बोंबलायला लागलं.

हे असं का होतं ते नंतर वाचून कळलं. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं. एका वेटोळ्यातून सतत बदलणारा प्रवाह सोडला की त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. तिथे धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह निर्माण होतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, आणि ते कॉइलमधल्या दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं. तांबं-चांदी विजेचे चांगले वाहक, त्यांचा आवाज उंच आणि स्वच्छ. लोखंडाची खालच्या पट्टीतली घरघर. इथवर छान. पण कॉइलखाली एकाच वेळी तीन वस्तू असतील तर मशीनला तीन उत्तरं येत नाहीत, तिघांची मिळून एकच खिचडी येते. मोठी कॉइल खोल बघते हे खरं, पण ती सगळंच एकदम बघते. पत्र्याचे खिळे, बिजागऱ्या, कोयंडे, चौकटीचे होल्डफास्ट, सत्तर वर्षांत पडलेलं काय काय. त्यातून आपली दख्खनची माती म्हणजे बेसॉल्टचा चुरा, लोहयुक्त, ती स्वतःच थोडीफार कुरकुरते.

मग मी हुशारी केली. मशीनला "लोखंड वगळ" असा हुकूम देता येतो, तो दिला. सगळं शांत! पण ही शांतता फसवी असते. खिळा आणि नाणं शेजारी-शेजारी असतील तर खिळा वगळताना मशीन नाणंही गिळून टाकतं.

ईशान्येच्या कोपऱ्यात तेवढा मोठा आवाज आला. आत्या खुर्ची टाकून बसली होती, ती उठून उभी राहिली. खणलं. काकांचा १९८८ चा पाइप आणि त्याचं पितळी कॉक. बाकी काही नाही. आत्या म्हणाली, "बघ. इथंच होता. आता नाही." पहिला दिवस तिथे संपला.

त्या रात्री झोप येईना म्हणून या यंत्राचा इतिहास वाचत बसलो. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी अंगात कुठे अडकली ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू शोधणारं एक यंत्र तयार केलं आणि ते घेऊन गेले. यंत्र चालत होतं, आधी तपासून बघितलेलं होतं. पण राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर धरलं तर सगळीकडून आवाज! गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. (माझे पत्र्याचे खिळे!) आणि त्याहून वाईट म्हणजे, मुख्य डॉक्टरांची ठाम समजूत होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोधायचं ते उजव्याच बाजूला. गोळी डावीकडे होती. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले, तेही मुख्यतः जखमेत झालेल्या जंतुसंसर्गामुळे.

हे वाचून मी उठून बसलो. आम्हीही उजवीच बाजू तपासत होतो. ईशान्य कोपरा कुणी सांगितला? आत्याने. आत्याला कुणी सांगितला? काकांनी तिथे खणलं म्हणून! पणजीने नेमकं कुठे पुरला हे आजीच्या तोंडून कुणीच कधी नीट विचारून घेतलं नव्हतं.

पुढे या यंत्राने बरीच मजल मारली. गेरहार्ड फिशर यांनी १९३७ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं. पण खरी निकड युद्धाने आणली. आमच्या घराजवळ सीएमई आहे, लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय. १९४३ मध्ये रुरकीला सुरू झालं आणि १९४८ मध्ये इकडे आलं. नदीपलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्स. त्याच पलटणीचे तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंह भगत १९४१ मध्ये आफ्रिकेच्या आघाडीवर चार दिवस सैन्याच्या पुढे राहून वाटेतले सुरुंग हुडकत आणि काढवून घेत होते. ५५ मैलांत १५ सुरुंगक्षेत्रं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांचं हातात धरून चालायचं सुरुंगशोधक यंत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं ते १९४२ मध्ये, एल अलामिनला. मी दोन दिवस खिळ्यांना वैतागलो होतो, त्याची लाजच वाटली.

रात्रभर आणखी एक विचार मनात होता. समजा अख्ख्या दापोडीवरून हे मशीन फिरवलं तर काय काय वाजेल? पेशव्यांच्या पगारावरची पण इंग्रज अधिकारी फोर्ड याच्या हाताखालची पलटण इथे होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा ती नदी ओलांडून इंग्रजांना जाऊन मिळाली. पेशव्यांचे सरदार मोरो दीक्षित हे फोर्डचे स्नेही. लढाईत जो मरेल त्याच्या कुटुंबाला दुसऱ्याने सांभाळायचं, असं दोघांत ठरलं होतं म्हणतात. दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफगोळ्याने. पुढे फोर्डचं घर गव्हर्नर माल्कमने सरकारसाठी घेतलं आणि १८२८ च्या सुमारास इथे वनस्पती-उद्यान उभं राहिलं. गिब्सन नावाच्या डॉक्टरने तिथल्या झाडांची चित्रं एका चित्रकाराकडून काढून घेतली. चित्रं एडिंबरोला जपून ठेवली आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. मग रेल्वे, मग एसटीचं वर्कशॉप, मग कारखाने. एवढ्या लोखंडाच्या गोंगाटात एका तांब्याच्या पैशाला ऐकू येण्याइतका आवाज कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी बशीएवढी कॉइल लावली. "लोखंड वगळ" बंद केलं. घरघर होऊ दे म्हटलं, ऐकू. आणि कोपरा सोडून सबंध जोतं वीत-वीत करून चाळायला लागलो. लहान कॉइलचं असं आहे की ती कमी खोल जाते. एकटं नाणं चार-सहा इंचांपर्यंतच कळतं. पण तिच्याखाली एका वेळी बशीएवढीच जमीन येते, त्यामुळे खिळ्याचा आवाज खिळ्याच्या जागी संपतो आणि पलीकडे काही असेल तर ते वेगळं बोलतं. मातीची कुरकुरही कमी. मात्र पुढच्या हाताच्या आधी मागचा हात थोडा झाकावा लागतो, सारवण घालतात तसा. घाई केली की जागा सुटते.

तीन तास झाले. उन्हाने डोकं तापलं. माजघराच्या उंबरठ्याचा दगड कामगारांनी काढून ठेवला होता, त्या जागी डावीकडे होल्डफास्टची घरघर, उजवीकडे होल्डफास्टची घरघर. आणि दोन्हींच्या मधे, चार बोटांच्या रुंदीत, एक उंच स्वच्छ सूर. कॉइल फिरवून आडवी आणली, तरी तोच. आदल्या दिवशी याच जागेवरून मी चार वेळा मोठी कॉइल नेली होती.

वीतभर खाली गडू होता. तोंडाला चुन्याचा गिलावा, जसाच्या तसा. १९५२ पासून त्याला कुणीही हात लावलेला नव्हता.

आत्या काही बोलली नाही. गिलावा तिच्यासमोरच फोडला. सुपारीचा काळा गोळा, पाच शिवराया आणि एक १९४३ चा भोकाचा पैसा. सोनं नाही.

शिवराई म्हणजे महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ पासून पाडलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति". ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरं बहुधा कापलेली. पेशवाईतही ती निघत राहिली, इंग्रजी अमलातही बाजारात फिरत राहिली, आणि चलनातून गेल्यावर देवघरात येऊन बसली. आमच्या पाचांपैकी दोनांवर मधोमध दोन आडव्या रेघा आहेत, ती दुदांडी, उशिराची. नाणी जमवणारे एक स्नेही म्हणाले, "बाजारात फार किंमत नाही, पण घासू मात्र नका. घासलं की नाणं संपलं."

कायद्याचंही सांगतो, कारण कुणीतरी विचारणारच. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचं. शंभर वर्षांहून जुनं आणि बेवारस ठरलं तर सापडणाऱ्याला, म्हणजे शोधणाऱ्याला, तीन-चतुर्थांश आणि जागामालकाला एक-चतुर्थांश, सरकारने ते घेतलं नाही तर. आमचं काही बेवारस नव्हतं, पण कळवलं. २०२१ मध्ये आपल्याच चिखलीत बांधकामाच्या खोदाईत निघालेली २१६ सोन्याची नाणी मजुरांनी घरी ठेवली होती, ती पोलिसांनी ताब्यात घेतली. वजन २,३५७ ग्रॅम. भागून बघा, एकेक नाणं जवळपास ११ ग्रॅम, म्हणजे मुघली मोहरेचं वजन. ढीग एकत्र राहिला म्हणून हे कळतं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी एका जागी मिळाली, त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला. कोण कुणावर जिंकलं ते त्या मोजणीने ठरलं. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती तर? म्हणून, हौशीने मशीन घेऊन किल्ल्यांवर जाऊ नका, एवढी विनंती. आपलं घर, आपलं अंगण, बास.

असो. मूळ गोष्ट राहिलीच.

गडू घरी आणला तेव्हा आत्याने काळ्या पडलेल्या शिवराया तळहातावर घेतल्या, बराच वेळ बघितल्या आणि म्हणाली, "चिंच आहे का रे घरात?" मला स्नेह्यांचा सल्ला आठवला. पण नाही म्हणवेना. तिने चिंचेचा कोळ केला, मीठ घातलं आणि मोरीत बसून एक शिवराई घासली. पणजीने पुरण्याआधी देवाची नाणी घासली असणार, दुसरं काय करणार? पाच मिनिटांत नाणं पिवळ्याधमक उजेडात आलं. आत्याने ते दिव्याखाली धरलं.

"हेच बघितलं होतं मी," ती म्हणाली.

बाकीच्या चार आम्ही घासल्या नाहीत. ती एक मात्र काकूच्या देवघरात आहे. यंदा भाऊबीजेला आत्या आली होती. काकांच्या फोटोपुढे तिने ओवाळलं आणि घासलेली शिवराई तबकात ठेवली.

स्कूटर काकांनी सोसायटीचं कर्ज काढून घेतली होती, हे काकूने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं.