खारबांध : गावकीने घडवलेले तंत्र

दिवा म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गर्दीचे रेल्वे जंक्शन येते. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १८५३ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणपर्यंत पोचली. ठाण्याची खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगराची कड धरून रूळ पुढे ज्या सखल प्रदेशात उतरले, तो हा दिव्याचा परिसर. दिवा, आगासन, दातिवली, साबे ही इथली जुनी गावे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मध्ये भातशेती, मिठागरे व तिवरांनी भरलेली खाजणे, असे या पट्ट्याचे रूप होते.

या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या राहणारा मुख्य समाज आगऱ्यांचा. मिठाचे आगर पिकवणारा तो आगरी, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. पण मिठाबरोबरच हे लोक भातही पिकवत, आणि तेही पुष्कळदा खाडीला लागून असलेल्या जमिनीत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे प्रश्न पडायला हवा. भात हे गोड्या पाण्याचे पीक. मग जी जमीन मुळात भरतीच्या पाण्याखाली जात होती, तिच्यात भात कसे पिकले? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘खारबांध’. तो कुणा एका अभियंत्याने शोधून काढलेला नाही. कोकणातल्या गावांनी अनुभवातून, चुकतमाकत तो घडवला. खारघर, खारेगाव, खारपाडा अशा गावांच्या नावांत ‘खार’ हा शब्द आजही भेटतो.

बांध, उघाडी आणि पाऊस

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. मुंबईजवळ मोठ्या उधाणात ओहोटी आणि भरती यांच्या पातळ्यांत साडेचार ते पाच मीटरपर्यंत फरक पडतो. खाडीकाठचे खाजण या दोन पातळ्यांच्या मध्ये कुठेतरी असते. त्यामुळे ते कधी पाण्याखाली जाते, कधी उघडे पडते.

अशा खाजणाभोवती चिखलमातीचा बांध घातला की भरतीचे पाणी बाहेर थोपते. पण एवढ्याने काम भागत नाही. ठाणे परिसरात पावसाळ्यात अडीच मीटरच्या आसपास पाऊस पडतो. बांध नुसता भिंतीसारखा उभा राहिला तर आतली शेती पावसाच्या पाण्याने बुडेल. म्हणून बांधात ठरावीक जागी दगडी बांधकाम करून लाकडी झडपेचे दार बसवतात. त्याला ‘उघाडी’ म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की बाहेरच्या दाबाने झडप घट्ट मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब वरचढ होतो, झडप उघडते आणि साचलेले पाणी खाडीत निघून जाते. शाळेत आपण जी एकदिशा झडप शिकवतो, तीच ही. चंद्र आणि पाऊस यांच्या जोरावर ती स्वतःच उघडते आणि मिटते.

याच उघाडीमुळे जमीन गोडी होते. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. साधे भात मात्र मुळाशी लीटरमागे दोनेक ग्रॅम क्षार झाले की खुरटू लागते. जून-जुलैचा पाऊस जमिनीच्या वरच्या थरातले क्षार विरघळवतो आणि ओहोटीला ते पाणी उघाडीतून बाहेर जाते. असे महिनाभर झाले की रोपाला जगण्यापुरती गोडी जमीन मिळते. भाताला क्षारांचा सर्वांत जास्त त्रास होतो तो रोपाच्या कोवळ्या वयात आणि फुलोऱ्यात. म्हणून शेतकऱ्यांनी लागवडीची पद्धतही बदलून घेतली. खाऱ्या जमिनीत मोड आलेले बी चिखलात फोकून पेरतात, त्याला ‘रहू’ पद्धत म्हणतात. काळा रत्ता, भुरा रत्ता अशी लाल तांदळाची खारे पाणी सोसणारी वाणेही लोकांनीच निवडून टिकवली. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून ‘पनवेल’ नावाने क्षार सहन करणारी सुधारित वाणे बाहेर पडली. पण खाऱ्या जमिनीला तिचेच वाण हवे, हे शेतकऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

एका वावाची कसूर

आता या तंत्राच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. समजा, एका गावाचा बांध दोन किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या आत शंभर घरांची शेती आहे. प्रत्येक घराने वीस मीटर बांध राखायचा. नव्याण्णव घरांनी आपापले काम चोख केले आणि एका घराने केले नाही, तर काय होईल? नव्याण्णव टक्के शेती वाचेल असे आपले गणित सांगेल. प्रत्यक्षात एकाही घराची वाचणार नाही. बांधाची ताकद त्याच्या सर्वांत कमजोर जागेइतकीच असते. चिंबोऱ्यांच्या एका बिळातून पाणी झिरपू लागते, उधाणाच्या एका रात्रीत तिथे खांड पडते आणि सगळी शेती खारी होते. एकदा खारे पाणी शिरले की चिकणमातीचे कण सोडियममुळे सुटे होतात, जमिनीची घडण बिघडते, आणि बांध पुन्हा बांधला तरी दोन-तीन पावसाळे पीक नीट येत नाही.

म्हणून खारबांध टिकवायचा तर माती, दगड आणि झडप यांच्या जोडीला एक नियम लागतो. कुणी किती टोपल्या माती टाकायची, खांड पडल्याची हाक आली की कुणी धावायचे, न येणाऱ्याचे काय करायचे, हे गावाने आधीच ठरवलेले असावे लागते. अलिबागच्या खारेपाटात अशा सामूहिक कामाला ‘जोळ’ म्हणतात. १८८३ सालच्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये ‘शिलोत्री’ नावाच्या जमीनधारणेची माहिती आहे. तिच्यात बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदार घेई आणि त्याबद्दल त्याला भाताचा ठरावीक वाटा मिळे. काही खारांमध्ये मात्र कसणारी कुळेच एकत्र येऊन बाहेरचे आणि आतले बांध सांभाळत.

हा अनुभव फक्त कोकणचा नाही. हॉलंडमध्ये तेराव्या शतकापासून गावोगावच्या शेतकऱ्यांची ‘पाणी मंडळे’ समुद्रबांध सांभाळत आली आहेत. ज्याला बांधाचे काम झेपत नसेल त्याने जमीन सोडून जावे, असा तिथला जुना दंडक होता. गोव्यात खाजणांचे बांध गावकरी संस्था राखत. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने १५२६ साली या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले, म्हणजे ही व्यवस्था त्याही आधीची आहे. उघाडीला तिकडे ‘मानस’ म्हणतात आणि खाऱ्या भाताला ‘कोरगुट’. इतक्या दूरच्या प्रदेशांत जवळजवळ सारखेच नियम उभे राहिले, कारण बांधाच्या एका टोकाची हयगय सर्वांना भोवते ही गोष्ट सगळीकडे सारखीच आहे.

बांध कुणाचा, पीक कुणाचे?

मात्र जुने ते सगळे सोने असे मानायचे कारण नाही. श्रम गावाचे असले तरी फळ गावाला मिळेच असे नव्हते. दिव्याहून पनवेलमार्गे पेणकडे रेल्वेचा फाटा जातो. त्या बाजूच्या पेण-अलिबाग भागातले खारेपाट खोतांच्या ताब्यात होते. कुळांनी चिखलात उतरून बांध राखायचे, भात पिकवायचे, आणि खळ्यावर मोठा वाटा खोताने न्यायचा, असा रिवाज होता. याविरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. २५ गावांतला हा संप १९३९ पर्यंत चालला. कुळांनी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर कायद्याने खोती गेली आणि कसणाऱ्यांना जमिनीचा हक्क मिळण्याचा मार्ग खुला झाला.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा संपाला सहसा जागा मिळत नाही. पण ती मिळायला हवी. ज्याने टोपली उचलायची त्याला पिकात न्याय्य वाटा नसेल, तर मध्यरात्रीच्या उधाणाला तो कशासाठी धावेल?

सरकारकडे गेलेला बांध

मुंबई राज्याने १९४८ साली खार जमिनींचा कायदा केला आणि महाराष्ट्राने १९७९ साली खार जमीन विकास कायदा. बांध घालण्याचे आणि दुरुस्तीचे काम शासकीय यंत्रणेकडे आले. त्यात लाभ निश्चित होता. बांध उंच झाले, काही ठिकाणी त्यांना दगडांचे अस्तर मिळाले, आणि गावाच्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या खांडी यंत्रांनी बुजवता येऊ लागल्या. गरीब शेतकऱ्याच्या डोक्यावरची टोपली उतरली.

पण त्याचबरोबर जोळाची सवय मोडली. पूर्वी खांड दिसली की त्याच ओहोटीत माती पडे. आता आधी अर्ज, मग पाहणी, अंदाजपत्रक, निविदा, आणि तोवर कित्येक उधाणे येऊन जातात. याच काळात तरुण मुले कारखान्यांत आणि शहरांत गेली, शेतीतून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे राहिले. बांध फुटून शेती खारी झाल्याच्या बातम्या अलिबाग-पेण भागातून वारंवार येत राहिल्या. पडीक खारात तिवरे उगवली. खारफुटी तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली आणि २०१८ च्या निकालात हे संरक्षण खाजगी जमिनीवरील खारफुटीलाही असल्याचे स्पष्ट केले. किनाऱ्याच्या रक्षणासाठी हे आवश्यकच होते, कारण बांधाबाहेरची तिवरे लाटांचा मारा झेलतात. पण वेळेवर न बुजवलेल्या एका खांडीमुळे शेतकऱ्याची जमीन कायमची शेतीबाहेर जाऊ शकते, हाही त्याचा अर्थ आहे. गोव्यात वेगळीच अडचण आली. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने विकला जाऊ लागला, आणि मासळीच्या लोभाने खारे पाणी मुद्दाम आत घेण्याचे प्रकार घडले.

तरीही खारेपाट निर्जीव झालेला नाही. अलिबाग-पेणच्या गावांत घराजवळच्या तळ्यात जिताडा हा मासा वाढवण्याची जुनी रीत आहे. जिताडा खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांत राहतो आणि त्याला बाजारात चांगला भाव मिळतो. भात, तळे आणि बांध यांचा एकत्र विचार केला तर अशा गावांना पुन्हा उभारी येऊ शकते. मोठी दुरुस्ती सरकारने करावी, रोजची राखण गावाने करावी, आणि त्यासाठी लागणारा निधी व अधिकार गावाच्या हाती असावा, अशी विभागणी करून पाहण्यासारखी आहे.

दिव्याचे काय?

दिव्याची स्थिती याहून वेगळी आहे. दिवा आज १९८२ साली स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. भातखाचरांच्या जागी चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. अनेक वर्षे ठाणे शहराचा कचराही इथल्या सखल जमिनीवर पडत होता. शेती गेली, पण जमिनीची पातळी आणि खाडीची भरती यांचे नाते बदललेले नाही. मोठा पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले की पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या सबंध पट्ट्याने त्याचा अर्थ अनुभवला. पूर्वी उघाडी कुठे आहे, नाला कुठून वाहतो, तो कुणी साफ करायचा, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. आज शेजारच्या नाल्याचे नावही बहुतेकांना सांगता येत नाही.

शाळा इथे एक छोटे पण मोलाचे काम करू शकतात. परिसरातल्या वृद्ध आगरी आणि कोळी स्त्री-पुरुषांकडून जुने बांध, उघाड्या आणि नाले यांची माहिती मुलांनी लिहून घ्यावी आणि आजच्या नकाशावर त्या जागा दाखवाव्यात. भरतीच्या वेळा पंचांगातल्या तिथीशी ताडून पाहाव्यात. पावसाळ्यात पाणी कुठे आणि किती वेळ तुंबते, त्या वेळी भरती होती की ओहोटी, याची नोंद ठेवावी. वर्गात चार बशांत भाताचे बी भिजत घालून एकीत साधे पाणी आणि इतर तिघींत लीटरमागे ३, ६ व १२ ग्रॅम मीठ असलेले पाणी वापरावे, आणि आठवडाभर मोड आणि मुळे मोजावीत. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी जमल्या की त्या घेऊन मुलांना प्रभाग कार्यालयात नेता येईल, आणि नाल्याची सफाई कुठे आधी व्हायला हवी हे त्यांना आकड्यांनिशी सांगता येईल.