वाद, संवाद आणि नाथांचा तुर्क

एकनाथांच्या चरित्रातील एक कथा मराठी मुलाला बहुधा शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. गोदावरीत स्नान करून नाथ परतत असता एक यवन त्यांच्या अंगावर थुंकतो. नाथ निमूटपणे पुन्हा नदीवर जातात. तो पुन्हा थुंकतो, नाथ पुन्हा स्नान करतात. आणि असे कितीतरी वेळा घडल्यावर थुंकणाराच शरमतो व नाथांचे पाय धरतो. कीर्तनांनी आणि संतचरित्रांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. याच नाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ नावाचे एक प्रकरण रचले आहे, हे मात्र साहित्याच्या विद्यार्थ्यालाही पुष्कळदा पदव्युत्तर वर्गात आल्यावरच कळते. कथेतील यवन एक शब्दही बोलत नाही. संवादातील तुर्क आरंभापासून बोलतो, आणि तो जे बोलतो ते ऐकून घेणे सोपे नाही. एका यवनाला आपण लक्षात ठेवले आणि दुसऱ्याला विसरलो, या निवडीचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘संवाद’ हा आपल्या वाङ्मयातील फार जुना रचनाप्रकार. गीता हा संवाद, तिच्यावरील ज्ञानेश्वरीही संवादाच्याच चौकटीत उभी. पुराणांची तर सारी मांडणीच कोणी विचारावे आणि कोणी सांगावे अशी. परंतु या सर्व संवादांत एक गोष्ट आधीच ठरलेली असते. एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला ठाऊक नाही. अर्जुनाचा प्रश्न कितीही तीव्र असला तरी त्याचे काम उत्तराला वाट करून देण्याचे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले आणि 1616 साली प्रथम मुद्रित झालेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे, मराठीचे प्रेम त्यात ओसंडून वाहते. पण त्यातील पाद्री आणि श्रोते यांचे नातेही गुरु-शिष्याचेच. शंका श्रोत्यांची, समाधान गुरूचे.

नाथांनी ही चौकट मोडली. त्यांच्या प्रकरणात गुरू कोणीच नाही. आरंभीच ते सांगून टाकतात की साध्य एक आहे, भक्तीच्या वाटा वेगळ्या आहेत. आणि लगेच दोघांचे भांडण जुंपते. तुर्क हिंदूला काफर म्हणतो, हिंदू तुर्काला विटाळ होईल म्हणून दूर सरकायला सांगतो. पहिले दोन्ही उद्गार अपमानाचे आहेत, आणि नाथांनी ते समान वजनाने तोलले आहेत. ‘काफर’ या शब्दाचा जाच आपल्या वाचकाला तत्काळ जाणवतो. ‘विटाळ’ या शब्दाचा जाच समोरच्याला तितकाच होत असेल, हे नाथ शेजारी शेजारी ठेवून दाखवितात. याहून अधिक भाष्य ते करीत नाहीत.

पुढे वाद चढत जातो. निराकार देवाला हातपाय कसे चिकटवता, हा तुर्काचा पहिला सवाल. मग तो पुराणांकडे वळतो. ब्रह्मदेवाची आपल्याच कन्येविषयीची अभिलाषा, दगडाच्या मूर्तीपुढे घातलेले लोटांगण, माणसाचा स्पर्श झाला की अंग चोरून पळणे, यांतले काहीच तो सोडत नाही. हिंदूही मागे राहत नाही. देव सर्वत्र आहे असे तुमचा ग्रंथच सांगतो, मग प्रार्थनेला एकच दिशा का? मुक्या जिवाची हत्या करून पुण्य कसे लागते? आणि हिंदूला मुसलमान करायला निघालात, तर त्याला हिंदू म्हणून जन्माला घालण्यात देवाची चूक झाली काय? हा शेवटचा प्रश्न मला या प्रकरणातील सर्वांत खोल प्रश्न वाटतो. तो केवळ तुर्काला विचारलेला नाही. समोरचा माणूस जसा आहे तसा असणे ही सृष्टिकर्त्याची चूक आहे, असे मनाशी धरून चालणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे विटाळ मानणाऱ्या हिंदूलाही, तो लागू पडतो.

हे प्रकरण मी अनेक वर्षे वर्गात शिकविले. हिंदूचे टोले वाचताना वर्गात हशा पिकत असे. तुर्काच्या टोल्यांना वर्ग गप्प होई. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, हे नाथांनीच लिहिले आहे का? की कोणी मागून घुसडले?’’ प्रश्न प्रामाणिक होता. आपल्या दैवतांवरचे इतके बोचरे आक्षेप भागवताचा टीकाकार आपल्याच लेखणीने, सौम्य न करता का लिहील? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नाथांच्या काळाकडे वळावे लागते.

नाथांचे पैठण निजामशाहीच्या मुलखात होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर त्या राजवटीच्या सेवेत अधिकारपदावर होते, असे परंपरा सांगते. जनार्दनस्वामींना दत्तात्रेयांनी मलंगाच्या वेषात दर्शन दिले, ही कथाही परंपरेचीच. त्यामागे चांद बोधले या सूफी सत्पुरुषाचा संबंध असावा, अशी मांडणी रा. चिं. ढेरे यांनी केली. ही मांडणी क्षणभर बाजूला ठेवली तरी नाथांच्या भाषेचा पुरावा उरतोच. अर्जदस्त, जाबचिठ्ठी, कौलनामा ही त्यांच्या भारुडांची नावे सरकारी दप्तरातून आलेली आहेत. फकीर आणि हबशी त्यांच्या भारुडांत पात्रे होऊन बोलतात. नाथांना तुर्क ऐकीव नव्हता. बाजारात, कचेरीत, किल्ल्याच्या दरवाजावर तो रोज भेटणारा होता, आणि तो आपल्याविषयी काय बोलतो हे नाथांनी कान देऊन ऐकले होते.

याच काळात उत्तरेत धर्मचर्चेचा एक राजकीय प्रयोग चालू होता. अकबराने 1575 मध्ये फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना बांधविला. आरंभी तेथे मुसलमान विद्वानच जमत. बसण्याच्या मानापानावरूनही तंटे होत, तेव्हा निरनिराळ्या वर्गांना निरनिराळ्या बाजू नेमून द्याव्या लागल्या. 1578 पासून तेथे हिंदू, जैन, पारशी अशा इतरांनाही प्रवेश मिळाला. 1580 मध्ये गोव्याहून रुडॉल्फ अक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिकेस हे जेझुइट तेथे पोहोचले. सम्राटाची जिज्ञासा खरी होती, आणि त्या शतकातील जगात असे दालन दुर्मीळ होते, यात शंका नाही. पण त्या दालनात एक न्यायाधीश बसलेला होता. बोलणारा प्रतिपक्षाकडे तोंड करून बोले, त्याचे लक्ष मात्र सिंहासनाकडे असे. जिथे निर्णय देणारा तिसरा असतो तिथे समोरच्याला समजून घेण्यापेक्षा त्याला पाडणे महत्त्वाचे ठरते. एकमेकांचे ग्रंथ हाती घेऊन अग्नीत शिरावे आणि कोण खरा ते पाहावे, इथपर्यंत प्रस्ताव निघाले. शब्द संपल्याची ती कबुलीच होती.

या अक्वाविवांचा शेवट इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे. 1583 मध्ये ते गोव्याला परतले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत साष्टीतील कुंकळ्ळी येथे इतर चार जेझुइटांसह मारले गेले. त्या परिसरातील देवळे पोर्तुगिजांनी आधीच उद्ध्वस्त केली होती. आता त्याच भूमीवर क्रूस उभारण्यासाठी जागा पाहिली जात होती. गावकऱ्यांच्या संतापात निःशस्त्र धर्मोपदेशकांचे बळी गेले. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यावर बोलावून ठार केले. ज्याने सम्राटाच्या दरबारात तीन धर्मांच्या पंडितांशी शास्त्रार्थ केला, त्याला एका खेड्याचे मन ऐकण्याची संधी मिळाली नाही. आणि त्या खेड्याला ‘बोलणी’ या शब्दाचा जो अर्थ कळला तो मृत्यूचा होता. सत्तेच्या सावलीत चाललेली धर्मचर्चा किती उथळ मुळांची असते, याचे यापरते उदाहरण शोधावे लागू नये.

ही सर्व नाथांच्या हयातीतली वर्षे आहेत. पैठणच्या त्या प्रकरणात सिंहासन नाही, न्यायाधीश नाही, अग्निदिव्य नाही. दोन माणसे भांडतात आणि भांडता भांडता त्यांच्या ध्यानात येते की प्रत्येकाने दुसऱ्यावर फेकलेला दगड स्वतःच्याही घरावर येऊन पडतो आहे. शेवटी दोघे एकमेकांना नमस्कार करतात, आलिंगन देतात. कोणी धर्म सोडत नाही, कोणी जिंकत नाही. मतभेद मिटले असे नाथ म्हणत नाहीत. वादाचा शेवट ऐक्यात झाला असे ते म्हणतात. या दोन विधानांतील फरक सूक्ष्म आहे, पण त्यावरच साऱ्या प्रकरणाचा भार उभा आहे.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे, आणि तो गंभीर आहे. नाथांचा तुर्क अखेर नाथांनी घडविलेला तुर्क आहे. दोन्ही पात्रे एकाच लेखणीतून उतरली आहेत, आणि ती लेखणी ब्राह्मणाची आहे. मग याला संवाद कसे म्हणावे? अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी 1982 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखातून हे प्रकरण इंग्रजी वाचकांपुढे ठेवले, तेव्हापासून त्याची चर्चा मराठीबाहेरही होत आली आहे. पण या आक्षेपाचे उत्तर मराठीतच, नाथांच्या पुढच्याच पिढीत सापडते. श्रीगोंदे येथील शेख महंमद हा मुसलमान संतकवी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहितो. स्वतःला ‘अविंध’ म्हणवून घेण्यात त्याला संकोच नाही, आणि विठ्ठलभक्तांच्या मेळाव्यात बसण्यासाठी त्याला तो शब्द लपवावा लागत नाही. तो कर्मठ हिंदूंना फटकारतो, तसाच ढोंगी मुसलमानांनाही. परंपरा त्यालाही चांद बोधल्यांचाच शिष्य मानते. नाथांनी कल्पनेने ज्याला बोलते केले, तो माणूस पाव शतकानंतर म्हणा की अर्ध्या, स्वतःच्या आवाजात, मराठीतच बोलू लागला. कल्पनेतील तुर्काने प्रत्यक्षातील शेखाला जन्म दिला असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की ज्या भाषेत परक्याचा आवाज ऐकण्याची सवय रुजली होती, त्या भाषेत परका परका राहिला नाही.

ही सवय पुढे टिकली का? 1857 च्या 15 जानेवारीपासून 28 मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी दर गुरुवारी एक जाहीर वाद होत असे. एका बाजूला वेदोक्त धर्माचे कैवारी विष्णुबुवा ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी. त्या वादाची हकीकत जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. नाथांच्या तुर्काचे कित्येक आक्षेप त्या काळच्या मिशनऱ्यांच्या तोंडी पुन्हा आले होते, आणि उलट आक्षेपही तितकेच धारदार झाले होते. राज्यकर्त्यांच्या धर्माला भर किनाऱ्यावर आव्हान देण्याचे विष्णुबुवांचे धैर्य वादातीत आहे. पण हा वाद आलिंगनापाशी पोहोचला नाही, पोहोचावा असे कोणाला वाटतही नव्हते. प्रत्येक पक्षाला आपले श्रोते राखायचे होते. तरीही एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. विष्णुबुवांचे म्हणणे आज आपल्याला वाचता येते ते बऱ्याच अंशी त्यांच्या प्रतिपक्षाने ते लिहून ठेवल्यामुळे. विरोधकाचे शब्द जतन करणे हीदेखील संवादाची एक पायरी आहे, मग ती कितीही अपुरी असो.

आता पुन्हा त्या दोन यवनांकडे येऊ. थुंकणाऱ्या यवनाच्या कथेत नाथ थोर आहेत आणि यवन क्षुद्र आहे. आपली सहनशीलता उजळून दिसावी एवढेच त्याचे प्रयोजन. ती कथा ऐकून उठणारा श्रोता नाथांविषयीच्या आदराने भरून येतो, यवनाविषयी त्याला नवे काहीच कळलेले नसते. उलट ‘हिंदु-तुर्क संवाद’ वाचणाऱ्याला आपण थोर आहोत असे वाटायला जागाच उरत नाही. त्याला आपल्या घराविषयी परक्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि त्यातले काही खरे आहे हे मनातल्या मनात मान्य करावे लागते. पहिल्या कथेतून क्षमा शिकता येते. करुणा मात्र दुसऱ्या प्रकरणातून शिकावी लागते, कारण क्षमेला वरची पायरी लागते आणि करुणेला समपातळी.

म्हणूनच समाजाने पहिली कथा जपली आणि दुसरे प्रकरण गाथेच्या पानांत राहू दिले, यात नवल नाही. आंतरधर्मीय सामंजस्याविषयी आपल्या काळात परिषदा भरतात, ठराव होतात, सर्व धर्मांचे सार एकच असल्याचा निर्वाळा दिला जातो. नाथांनीही साध्य एकच आहे असे म्हटले, पण ते म्हणून थांबले नाहीत. त्या वाक्यानंतर त्यांनी भांडण होऊ दिले, पुरतेपणी होऊ दिले. ऐक्याचे विधान आणि ऐक्याचे आलिंगन यांच्या मध्ये त्यांनी सगळे कटू शब्द ठेवले. ते वगळून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्याची आडवाट त्यांना ठाऊक नव्हती.

माझ्या त्या विद्यार्थ्याला तेव्हा मी पाठभेदांविषयी काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. आज उत्तर द्यायचे झाले तर म्हणेन की होय, हे नाथांनीच लिहिले. आणि ज्याला आपल्याविरुद्धचे म्हणणे इतक्या प्रामाणिकपणे लिहिता आले, त्यालाच गोदावरीच्या वाळवंटात पुनःपुन्हा शांत राहणे जमले असेल.