पारदर्शक कडेचा मागोवा

वेबसाइटच्या रंगीत पट्टीवर बसवलेल्या गोल लोगोची कड एकदा मोठी करून पाहा. ती गुळगुळीत भासते, कारण तिथले पिक्सेल अर्धवट पारदर्शक असतात. वेबवर ही सोय सहज आलेली नाही.

कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये जिफ आणलं. त्यात पिक्सेलमागे रंग साठवलेला नसतो, फार तर २५६ रंगांच्या पॅलेटमधला क्रमांक असतो. १९८९ च्या आवृत्तीत यातला एक क्रमांक पारदर्शक ठरवता येऊ लागला. पण पिक्सेल एकतर पूर्ण दिसायचा, नाहीतर मुळीच नाही. म्हणून डिझायनर कडेचे पिक्सेल पानाच्या रंगात आधीच मिसळून ठेवत. पानाचा रंग बदलला की लोगोभोवती पांढुरकी किनार उमटे.

जिफच्या कॉम्प्रेशनचं पेटंट युनिसिसकडे होतं. १९९४ च्या अखेरीस त्यावर शुल्क आकारण्याची घोषणा झाली आणि जानेवारी १९९५ मध्ये थॉमस बूटेल यांनी नव्या फॉरमॅटचा मसुदा मांडला. तोच पुढे पीएनजी झाला. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रुजवलेली अल्फा चॅनलची, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता वेगळी साठवण्याची, कल्पना पीएनजीने वेबवर आणली. पिक्सेलला पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळाल्या, पण पिक्सेलमागे चार बाइटही लागू लागले. ४०० बाय ४०० चा लोगो कॉम्प्रेशनआधी ६,४०,००० बाइटांचा भरतो. शिवाय इंटरनेट एक्सप्लोरर ६ अशा चित्रामागे राखाडी चौकोन दाखवायचा. हा त्रास २००६ मध्ये सातवी आवृत्ती येईपर्यंत चालला.

उपाय मात्र पीएनजीच्या पोटातच होता. त्यातही पॅलेट आहे, आणि त्यातल्या प्रत्येक रंगाला स्वतःची पारदर्शकता देता येते. तोच लोगो पॅलेटवर उतरवला की पिक्सेलमागे एक बाइट पुरतो. १,६०,००० बाइट आणि वर इवलंसं पॅलेट. पीएनजीक्वांट नावाचं साधन हेच काम करतं. मला या साऱ्या प्रवासातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते: जिफची काटकसर आणि अल्फाची मऊ कड एकत्र. मऊ सावल्यांत आणि फोटोंत मात्र तिचे पट्टे दिसतात. तिथे गूगलचं वेबपी सरस. ते रंगात थोडी घट पत्करून अल्फा जसाच्या तसा ठेवू शकतं. सफारीने ते २०२० मध्ये स्वीकारलं.

लोगो चढवण्याआधी त्याची पॅलेटवाली प्रत काढा आणि पांढऱ्या व गडद, दोन्ही रंगांवर ठेवून कड तपासा. फरक दिसला नाही, तर मोठी फाइल वाचकाच्या मोबाइलवर लादू नका.